डाव्या पायाने पाहिलेलं बंदर

३ फेब्रुवारी

चि. मापाड्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

दुकानाची कपाटं बसवून झाली असतील, तर लगेच घरी येऊ नकोस. तिथून बंदर जवळ आहे. तिथे राहणारा माझा पोरगा पुन्हा मागे लागलाय, आई, कायमची इकडेच ये म्हणतो. सूनबाईने खोलीही रिकामी केली. मला जावंसं वाटतं, पण गुडघ्याला तिथले चढउतार झेपले नाहीत, तर खिडकीतली कुंडी होऊन बसेन. तू एक दिवस एकटा पायी हिंडून बघ. भाचा गाडीतून फिरवतो म्हणेल, ऐकू नकोस. तू हो म्हणालास तर जाईन, नाही म्हणालास तर विषय मिटला.

जेवणाची आबाळ करू नकोस. 

तुझी ताई


९ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

काल बंदर पाहिलं. तुझ्याच पायाने पाहिलं म्हण. नुसतं हिंडून माझा धडधाकट गुडघा काय सांगणार? म्हणून सकाळी एका लाकडी पट्टीला रंधा मारून, कडा गोल करून, ती डाव्या गुडघ्यामागे ठेवली आणि बँडेजने घट्ट आवळली. पाय वाकायचं नाव घेईना. ही युक्ती मला कुणी शिकवलेली नाही, हे जाता जाता नमूद करतो. सूनबाई हसून हसून खाली बसली.

घराचा जिना रुंद आहे. कठडा पक्का, मी हलवून पाहिला. पुढचा उतार दगडी फरसबंदीचा. दगड ठीक, पण सांधे नीट भरलेले नाहीत, काठीचं टोक अडकतं. तिथे मी चरफडत उभा असताना जाळी विणणाऱ्या एका बाईने स्वतःचं स्टूल पुढे सरकवलं आणि पाय कधीपासून असा म्हणून विचारलं. सकाळपासून, असं सांगायची हिंमत झाली नाही. बरीच वर्षं झाली म्हणालो. मग तिने चोळायची तेलं सांगितली. सगळी निरुपयोगी, पण स्टूल चांगलं होतं.

धक्क्याला पलीकडे जाणारी होडी लागली होती. मी नको नको म्हणत असताना नावाड्याने मला काखेत धरून उचललं आणि पोतं ठेवावं तसं आत ठेवलं. अपमानच की! परतताना मात्र मीच हात वर करून उभा राहिलो.

संध्याकाळी गोदामांमागच्या रस्त्याने आलो. तो सपाट आहे, बसायला बाक आहेत. समोर एक रंगारी बोट रंगवत होता. रेघ सरळ येत नव्हती. मी दोन शब्द सांगितले, त्याने मान डोलावली आणि आपलंच केलं. अंधार पडेपर्यंत मला उठावंसं वाटलं नाही.

खरं लिहितो. चढ अवघड निघावेत, अशी माझी इच्छा होती. भिंतीपलीकडून तुझा आवाज येणार नसेल, तर घरी परतून मी करू काय? पण मापात मी लबाडी करत नाही. तुला जमेल. होय.

लोभ आहेच, तो दुरूनही असाच राहू दे.

तुझा भाऊ


१४ फेब्रुवारी

चि. मापाड्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

अरे शहाण्या, माझा दुखतो तो उजवा गुडघा! इतकी वर्षं समोर बसून गप्पा मारतोस, तो तुझ्या डाव्या अंगाला दिसतो म्हणून डावा बांधलास होय? दिवसभर मिरवलास तो पाय! पत्र वाचून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

तेव्हा तुझं माप रद्द. तरी मी जायचं ठरवलंय. पाय अडखळला तर स्टूल सरकवणारं माणूस तिथे आहे, एवढं मला पुरे.

आता तुझ्याबद्दल. तू एकटा पडशील म्हणून मी पोराला आजवर नाही म्हणत आले. आणि मी एकटी पडेन म्हणून तू बाहेरगावची मोठी कामं सोडत आलास, मला काय कळत नाही? असे एकमेकांसाठी अडून बसलो तर दोघंही इथेच राहू. कुणीतरी आधी उठायला हवं. मोठी मी आहे, मी उठते.

गोदामांमागे तुझ्या कामापुरती एक जागा बघ म्हणून पोराला लिहिलंय. रंगाऱ्याच्या रेघेला नावं ठेवायची असतील, तर रोज तिथे बसून ठेव.

माया आहे, ती वेगळी काय लिहू.

तुझी ताई