आपली तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे

३ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. पुढेमागे कोणी माझ्या कामाचा इतिहास विचारला तर तारखा हाताशी असाव्यात. तोवर ही वही कपाटात, स्वेटरांच्या खाली.

मॅडमनी आज केबिनमध्ये बोलावून मोठं काम दिलं. लोकांचा फ्रिज, गीझर, वॉशिंग मशीन बिघडलं की ते आमच्या कंपनीच्या ॲपवर तक्रार करतात. ही तक्रार म्हणजे बंद पाकीट. दारावरचा गेटवे पाकीट फोडत नाही. वर हेडरमध्ये कोणता विभाग, म्हणजे शहरातला कुठला भाग, लिहिलाय तेवढं वाचतो आणि त्या विभागाच्या सर्व्हरकडे ढकलतो. तिथून मेकॅनिकला निरोप जातो. आजवर हेडर नव्हताच, सगळ्या तक्रारी एकाच सर्व्हरवर आदळायच्या आणि तो दुपारनंतर मान टाकायचा. आता तक्रारीच्या आतली 'विभाग' ही फील्ड, म्हणजे तो रकाना, वाचायची आणि बाहेर हेडरवर लिहायची. डाव्या हाताचा खेळ आहे.

महिनाअखेरीस टीम लीड नेमायचाय, असंही मॅडम म्हणाल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या. केबिनमध्ये माझा कोड तपासणारी टेस्टरही होती, पण तिच्याकडे त्या सहज वळल्या असाव्यात.

संकल्प: काम गुरुवारपर्यंत हातावेगळं. रोज सकाळी फिरणं. टेस्टरशी वाद घालायचा नाही, लीडला शोभत नाही.

४ मार्च, मंगळवार

फिरणं उद्यापासून. बूट सापडले, मोजे सापडले नाहीत.

टेस्टरला मी मनातल्या मनात शंकासूर म्हणतो. आज सकाळीच खुर्ची ओढून बसली. विभागाची फील्ड रिकामी आली तर काय? आणि जुन्या ॲपमध्ये विभाग वेगळा नसतो, पत्त्याच्या आत दडलेला असतो, तो तिथून काढणार की नाही? मी शांतपणे सांगितलं की पत्त्याच्या आत शिरून शोधत बसलं तर कोड कुरूप होतो. आणि जुनं ॲप आता वापरतं कोण? मी स्वतः नवा फोन घेतल्यापासून नवंच वापरतो. तिने काहीतरी लिहून घेतलं. तिची लिहून घ्यायची पद्धत मला आवडत नाही.

वाद घातला नाही. फक्त समजावलं, जरा मोठ्याने.

६ मार्च, गुरुवार

झालं. हेडर लाइव्ह गेला. दिलेल्या शब्दाप्रमाणे गुरुवारीच.

शेवटच्या क्षणी शंकासुराने घोडं अडवलं होतं. फील्ड रिकामी असली की गेटवे तक्रार परत फेकतो म्हणे. चुटकीसरशी सोडवलं. एक ओळ लिहिली: विभाग सापडला नाही तर हेडरवर 'चाचणी' लिही. आमचा चाचणीचा सर्व्हर फार गुणी आहे, कोणालाही नाही म्हणत नाही. जे येईल ते पोटात घेतो आणि गोड उत्तर देतो. ओळ तात्पुरतीच आहे, बाजूला 'सोमवारी काढणे' असंही लिहून ठेवलंय.

ते गोड उत्तरही माझंच. "आपली तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे. आमचा प्रतिनिधी लवकरच आपल्याशी संपर्क साधेल." 'मोलाची' वर मी बराच विचार केला होता. आधी 'महत्त्वाची' होतं.

७ मार्च, शुक्रवार

घरचं वॉशिंग मशीन बंद पडलं. आतलं पाणी बाहेर टाकत नाही, नुसतं घुरघुरतं.

वेळ वाईट. सासऱ्यांचं कमरेच्या हाडाचं ऑपरेशन झालंय, ते गेल्या आठवड्यापासून आमच्याकडे आहेत. हॉलमध्ये खाट टाकलीय. उठता येत नाही, त्यामुळे चादरी रोज बदलाव्या लागतात, कधी दोनदा. मशीन आमच्याच कंपनीचं. घेताना घरात मी छाती पुढे काढून सांगितलं होतं की बिघडलं तर माणूस दारात उभा राहील.

ही म्हणाली, तुझ्या ऑफिसात कोणाला तरी सांग ना. मी म्हणालो, वशिला लावणं माझ्या तत्त्वात बसत नाही. सर्वसामान्य ग्राहकासारखी ॲपवर तक्रार कर, आता यंत्रणा कशी पळते बघ. तिने माझ्यासमोर केली. माझा जुना फोन तिला दिलाय. चांगला चालतो, फक्त त्यावर नवीन काही चढत नाही. लगेच उत्तर आलं, तिने मोठ्याने वाचून दाखवलं. 'मोलाची' ऐकताना बरं वाटलं.

सासऱ्यांनाही सांगितलं, उद्या माणूस येईल.

१० मार्च, सोमवार

माणूस आला नाही. शनिवार-रविवार मध्ये आला, त्याला कोण काय करणार.

आज ती तात्पुरती ओळ काढायची होती. मीटिंग लागली. मीटिंगचा विषय माझाच हेडर होता, त्यामुळे हेडरकडे बघायला वेळ मिळाला नाही.

संध्याकाळी हिने चादर पिळायला बोलावलं. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. ती पिळत होती, मीही मन लावून पिळत होतो. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की दोघंही चादर एकाच बाजूला फिरवतोय आणि पाण्याचा थेंब पडत नाहीये. ती म्हणाली, राहू दे, मी करते. एक टोक नळाला अडकवून तिने एकटीने पिळली. नळ या कामात माझ्यापेक्षा बरा ठरला.

सासऱ्यांनी खाटेवरून विचारलं, आला का तो माणूस?

१२ मार्च, बुधवार

आजचा दिवस सोन्याचा. आकडे आले. हेडर लाइव्ह गेल्यापासून एकही एरर नाही आणि सर्व्हर दिवसभर ताठ उभे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे विभागांकडे येणाऱ्या तक्रारी जवळजवळ निम्म्यावर आल्या. मीटिंगमध्ये मॅडमनी विचारलं, हेडरमुळे तक्रारी कशा कमी होतील? मी सांगितलं, यंत्रणेवर विश्वास बसला की माणूस उगाच तक्रार करत नाही. माझ्याच तोंडून हे कसं निघालं याचं मला कौतुक वाटलं. शंकासुराने पुन्हा काहीतरी लिहून घेतलं.

घरी हिने दुसऱ्यांदा तक्रार केली. पुन्हा तेच उत्तर आलं. या वेळी तिने ते वाचलं तेव्हा 'मोलाची' या शब्दावर जरा जास्त जोर दिल्यासारखं वाटलं.

तिचं उजवं मनगट सुजलंय. दुकानातून लावायचं मलम आणलं. तिने पुन्हा विचारलं, एक फोन नाही का करता येणार सर्व्हिसवाल्यांना? आता मी त्यांना फोन करायचा म्हणजे माझाच माझ्या हेडरवर भरवसा नाही असं होईल. आणि आजच्याच दिवशी? असं काही तिला सांगितलं नाही. 'बघतो' म्हणालो.

फिरणं: पुढच्या एक तारखेपासून.

१४ मार्च, शुक्रवार

जगात काहीही होऊ शकतं. शंकासुराने आज माझी स्तुती केली.

चाचणीच्या सर्व्हरवर मी घातलेल्या खोट्या तक्रारी तिने चाळल्या म्हणे. इतका खरा वाटणारा टेस्ट डेटा आजवर पाहिला नाही, म्हणाली. बाकीचे लोक 'अबक अबक' लिहून मोकळे होतात. तुम्ही माणसं उभी केलीत. एक तिने वाचून दाखवली: "वडील अंथरुणावर आहेत. चादरी रोज हाताने धुते. हात चालेनासा झालाय. कृपया कोणाला तरी पाठवा." 

एवढं सगळं कधी लिहिलं ते मला आठवेना. पण मी भरात असलो की मला भान नसतं. म्हणालो, चाचणी करायची तर ग्राहकाच्या काळजात शिरून करावी. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. आदर असावा.

बाई बिचारी. कोणाची का असेना, वाचून वाईट वाटलं.

घरी गेलो तर सासरे. आला का तो माणूस?

१७ मार्च, सोमवार

सकाळी सर्व्हिसचे प्रमुख थेट आमच्या मजल्यावर आले. कंपनीच्या दुकानात लोक येऊन भांडतायत, प्रत्येकाच्या फोनवर 'मोलाची' असल्याचं लेखी उत्तर आहे आणि त्यांच्याकडे तक्रारच नाही. शंकासुराने स्क्रीन फिरवली. चाचणीचा सर्व्हर खऱ्या तक्रारींनी गच्च भरला होता. जुन्या ॲपमधून आलेली प्रत्येक तक्रार. विभाग पत्त्याच्या आत होता, मी बाहेरच शोधला, सापडला नाही, म्हणून हेडरवर 'चाचणी' लिहून दिलं. 'सोमवारी काढणे' ही सूचना सगळ्यांनी वाचली. कोणीतरी विचारलं, कुठला सोमवार?

मी म्हणालो, तांत्रिकदृष्ट्या हेडरने काम चोख केलंय. मॅडम म्हणाल्या, खाली बसा.

मग ती बाई आठवली, चादरींची.  पण वॉशिंग मशीन घरोघरी असतं आणि आजारी वडीलही पुष्कळांना असतात. उगाच नको ते मनात आणण्यात अर्थ नाही.

१८ मार्च, मंगळवार

शंकासुराने काल संध्याकाळीच पत्त्याच्या आतून विभाग काढणारी ओळ लिहून दिली. छोटीशी आहे. कुरूप नाही.

टीम लीड तीच. महिनाअखेरीची वाट बघितली नाही. मी अभिनंदन केलं. तिने विचारलं, कामाबद्दल काही शंका? मी नाही म्हणालो.

माझ्यासाठी वेगळी कामगिरी. हरवलेल्या तक्रारींच्या ग्राहकांना एकेक फोन करून स्वतः माफी मागायची. बोलायचा मजकूर मॅडमनी लिहून दिलाय, एक शब्द इकडेतिकडे करायचा नाही, असं बजावून. 'मोलाची' त्यात नाही.

२२ मार्च, शनिवार

घरूनच फोन करत होतो. लॅपटॉपवरून, कानाला हेडफोन लावून, म्हणजे पलीकडे कंपनीचा नंबर दिसतो. नंबर स्क्रीनवर एकामागून एक आपोआप येतात, नाव येत नाही. हॉलमध्ये सासरे खाटेवर पडून सगळं ऐकत होते. एका आजोबांनी मला गीझर म्हणजे काय इथपासून समजावलं. एकाने न बोलता फोन ठेवून दिला, त्याचे मनोमन आभार मानले. तिसऱ्या नंबरवरच्या बाईंनी माझ्या आई-वडिलांची चौकशी केली, चांगल्या अर्थाने नाही.

मग पुढचा नंबर लागला. बायकोचा नंबर पाठ असायचे दिवस गेले. पलीकडे रिंग वाजत होती आणि घरातही कुठेतरी फोन वाजत होता. मी हिला ओरडून सांगितलं, अगं, तुझा फोन वाजतोय. बाल्कनीत बादली बाजूला सरकवल्याचा आवाज आला. फोन उचलला गेला. मी मजकूर सुरू केला. नमस्कार, आपण केलेल्या तक्रारी आमच्या चुकीमुळे पुढे पोहोचल्या नाहीत, त्याबद्दल मी स्वतः… इथपर्यंत आलो आणि माझाच आवाज मला बाल्कनीतून ऐकू आला.

थांबलो.

ती म्हणाली, "पूर्ण वाचा. बाबा ऐकतायत."

वाचलं. शेवटपर्यंत.  चूक सर्वस्वी आमची होती, असं मजकुरात होतं, तिथे मी 'माझी' म्हणालो. मॅडमना कळलं तर कळलं.

"माणूस कधी येणार?"

मी म्हणालो, सोमवारी.

"कुठल्या?" तिने विचारलं. सोमवारच्या त्या सूचनेबद्दल मी घरी चकार शब्द काढलेला नव्हता. तिने साधाच प्रश्न विचारला होता.

मी म्हणालो, परवाच्या.

"आणि तोपर्यंत?"

यावर मजकुरात काही नव्हतं. मी हेडफोन काढून ठेवला. मग सर्व्हिसच्या प्रमुखांना माझ्या स्वतःच्या फोनवरून फोन लावला, नाव सांगितलं, नातं सांगितलं, घरची परिस्थिती सांगितली आणि चक्क गयावया केली. पंधरा दिवस हे तत्त्वात बसत नव्हतं. ते म्हणाले, अहो, पहिल्या दिवशीच सांगायचंत, मी मेकॅनिकला आजच पाठवला असता. आता शनिवारी दुपारी कोणी मोकळं नाही, सोमवारी पहिलं घर तुमचं.

बाल्कनीत गेलो. बादलीत दोन चादरी होत्या.  तिचं मनगट बांधलेलं होतं. पट्टी ओली झाली होती. ती मी रोज बघत होतो आणि रोज सोमवारवर ढकलत होतो, याची मला लाज वाटली. चादरीचं एक टोक उचललं आणि विचारलं, मी कुठल्या बाजूला पिळू?

तिने सांगितलं. पाणी निघालं, बरंच निघालं. माझ्या पायांवर.

हॉलमधून सासऱ्यांनी विचारलं, आला का तो माणूस?

ती म्हणाली, "आलाय. चाचणीवर आहे."