पिवळीचं प्लॅटिनम

३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

डोकं फिरायची वेळ आली आहे. काचेच्या भांड्यात दोन पावडरी ढवळायच्या, एक पांढरी, एक पिवळी. पाण्यात प्लॅटिनमचा क्षार, वरून निळा उजेड. तो फक्त पिवळीला जागं करतो, म्हणून प्लॅटिनम तिच्यावरच बसायला हवं. उन्हाने मात्र पांढरीही जागी होते, म्हणून सगळं दिव्यासकट झाकणाच्या पेटीत ठेवते. तरी सूक्ष्मदर्शकाखाली बघावं तर दोघींवर प्लॅटिनम!

दिवा बदलला, काच बदलली. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, महिनाअखेर जमलं नाही तर विषय बंद. म्हणजे माझी चार वर्षं पाण्यात. तू फोटो स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत तीस वर्षं काढलीस, म्हणून तुलाच विचारावं, असं आई म्हणाली.

तुझी रडकुंडीला आलेली,
भाची

८ फेब्रुवारी

चि. घाईबाईस,
अनेक आशीर्वाद.

प्लॅटिनम अंगठीत असतं, एवढंच मला ठाऊक. ते पाण्यात ढवळणारी मुलगी आमच्या घरात कशी निपजली कोण जाणे. पण उजेडाचं मला कळतं. झाकण किती वेळा उघडतेस?

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी फोटोच्या कागदांचं नवं पाकीट भर दिव्याखाली उघडलं, कागद कोरे आहेत ना हे बघायला. कोरेच होते, मी बघेपर्यंत. मालकांनी मग महिनाभर मला नुसता केर काढायला लावला. आणि तू लहानपणी पेरलेलं बी उगवलं का ते बघायला रोज उकरायचीस, म्हणून विचारते. रागावू नकोस. वेळेवर जेवतेस ना?

तुझ्यावर जीव असलेली,
आत्या

२१ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

दर अर्ध्या तासाने! पांढरी पांढरीच राहिली आहे ना, हे बघायला. आणि पेटी खिडकीशी, उन्हाची तिरीप थेट आत. पत्र वाचून कपाळावर हात मारून घेतला.

परवा पेटीला चिकटपट्टी लावली, खोलीची किल्ली बाईंकडे दिली आणि दिवसभर ग्रंथालयात जाऊन बसले. हात इतके शिवशिवत होते की तीन कपाटं लावून टाकली. ग्रंथपाल विचारत होते, रोज येशील का.

आज पाहिलं. प्लॅटिनम पिवळीवरच, पांढरी कोरी करकरीत. मी रडले गं, खरंच. बाईंनी विचारलं, चार वर्षं बिघाड नेमका कशात होता, प्रबंधात लिहावं लागेल. मी खाली मान घालून सांगितलं, बिघाड दर अर्ध्या तासाने येऊन बघून जात होता.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
भाची