लॅपटॉपच्या हिशेबात पक्षी पूर्ण आहे

मंगळवार, ३ मार्च २०१५. सकाळी ६ वाजून १० मिनिटे.
मशीनच्या पट्ट्यांना तेल देत होतो, तेवढ्यात ग्यासी मामा शेडमध्ये आले. लाकूड कोरायचे मशीन तयार आहे. पट्ट्या जुन्या झेरॉक्स यंत्राच्या, मोटारी सुआमेच्या भंगारबाजारातल्या, जोडणी माझी. आता फक्त कॉम्प्युटर आणि सॉफ्टवेअर निवडायचे.
मामांनी विचारले, हे काय काय करते? मी म्हणालो, सगळे. त्यांनी विचारले, आतापर्यंत काय केले? असल्या प्रश्नांनी माणूस खचतो. मी खचलो नाही.
बिरागोचा विषय मीच काढला. मामा दारूच्या बाटल्या घेऊन तिच्या घरचे दार ठोठावत नाहीत तोवर आमच्या लग्नाचे काहीच पुढे सरकणार नाही. आपल्यात बापाचे नव्हे, मामाचे चालते. मामांनी छिन्नी खाली ठेवली. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवतो, नंतर फिरायला नकोत: "तुझ्या यंत्राने कोरलेली एक तरी वस्तू कुणीतरी स्वतःच्या हाताने भिंतीवर टांगू दे. मग मी बाटल्या घेऊन जातो."
एवढेच ना? बिरागोची आई, दुफिए मावशी, २८ तारखेला माम्पाँग रोडवर खानावळ उघडते आहे. दारावर पाटी लागणारच. मी संकोफा कोरून देतो म्हणून कळवले आहे. मान मागे वळवून पाठीवरचे अंडे चोचीत घेणारा पक्षी. मावशी हो म्हणाली. कोरायला चार तास पुरतील. बाकीचे दिवस शांतपणे विचार करून निवड करायची. घाई करणारे लोक आयुष्यभर पस्तावतात.

गुरुवार, ५ मार्च. संध्याकाळ.
अडूमला सुलेच्या दुकानात साडेतीन तास. सुले परदेशातून आलेले वापरलेले कॉम्प्युटर विकतो. जुना डेस्कटॉप घे म्हणाला, साडेचारशे सेडी, मशीन चालवायला तो भरपूर झाला. मी त्याला विचारले, आणि लाइट गेली की? आमच्या अहवियात दिवस दिवस लाइट नसते. डेस्कटॉप त्या क्षणी मरेल. सुले म्हणाला, "मास्टर, लाइट गेल्यावर तुझं मशीन पण मरणारच की. दोघं एकदम मेले तर भांडण नाही."
दुकानदाराची दृष्टी एवढीच. कॉम्प्युटर हा मेंदू. मेंदू जागा ठेवला की शरीराचे नंतर बघता येते. सहा तास बॅटरी चालणारा लॅपटॉप घेतला. अकराशे पन्नास. साडेसातशे रोख दिले, बाकीचे महिनाअखेर. सुलेने मशीनसाठी एक बॅटरी आणि इन्व्हर्टरही दाखवला. मी बघितलाही नाही. पैसे कशावर घालवायचे हे मला कळते.

सोमवार, ९ मार्च. दुपार.
सॉफ्टवेअर ठरले. पहिल्याला दर महिन्याला पैसे हवेत आणि बँकेचे कार्ड हवे. मी त्याला नाकारले (त्याने मला आधी नाकारले, पण ते महत्त्वाचे नाही). दुसरे फुकट, सुले म्हणतो सगळे कारागीर तेच वापरतात. करड्या पडद्यावर नुसत्या सपाट रेषा. पाटीवरच्या पक्ष्याला सपाट रेषाच लागतात असे तो म्हणाला. लागत असतील. मला आवडल्या नाहीत.
तिसऱ्यात पक्षी गोल फिरवता येतो. त्याची सावली पडते. प्रकाश कुठून यावा हेही आपण ठरवायचे. तीस दिवस फुकट. तीस दिवसांत मी पाटीवरून पैसे मिळवायला लागलेला असेन, तेव्हा विकतच घेईन. घेतले.

शनिवार, १४ मार्च.
पिसे २१२ झाली. प्रत्येक वेगळे. लॅपटॉप इतका तापतो की पक्षी फिरवायचा तर टॉवेलवर ठेवून वारा घालावा लागतो. वारा माझी बहीण सेरवा घालते. आज तिने विचारले, दादा, पक्ष्याने काही खाल्लं का?
निश्चय: उद्यापासून पिसे बंद. फक्त कोरीवकाम.

गुरुवार, १९ मार्च.
पिसे २६०.
लाइट पहाटेपासून नाही. पूर्ण रस्त्यावर एकच पडदा उजळलेला होता, माझा. शेजारचे दोन सुतार बघायला आले. मी पक्षी फिरवून दाखवला. सुलेला फोन करून सांगितले, बघ, मेंदू जागा आहे. मागून सेरवा म्हणाली, मशीन पण चालू आहे का तेही सांग त्याला. तो वेगळा मुद्दा आहे.

मंगळवार, २४ मार्च. संध्याकाळी ५.
बिरागो मक्याचे केंके आणि तळलेले मासे घेऊन आली. पक्षी बघितला. छान आहे म्हणाली. लाकडावर कधी येणार? मग जरा थांबून, आई विचारते आहे, पाटी रंगवणाऱ्यालाही सांगून ठेवू का? नुसते आपले असावे म्हणून.
हा अपमान होता, पण तिने मासे आणले होते, म्हणून मी सौम्यपणे नाही म्हणालो. रंगवणाऱ्याला बोलावले तर मी पाटी देणार नाही, हेही कळवायला सांगितले. ठाम राहावे लागते.
मामा म्हणाले, ओड्मच्या फळीवर मी दोन दिवसांत हाताने कोरून देतो, कुणाला कळणार नाही. मला कळेल, मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. बहुधा कौतुकाने.

शुक्रवार, २७ मार्च. रात्री ८.
शांतपणे लिहितो.
सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी मशीन सुरू केले. धड उत्तम आले. पाय उत्तम. पिसे अशी की मामासुद्धा हातातले काम टाकून उभे राहिले. १ वाजून ५ मिनिटांनी लाइट गेली. मशीन थांबले. लॅपटॉप थांबला नाही. पडद्यावर मान वळू लागली, चोच उमटू लागली. हाच तो क्षण, ज्यासाठी मी साडेचारशेचा डेस्कटॉप नाकारला. सूत्रे मेंदूच्या हाती आहेत हे बघून मी सेरवाकडे फुफू खायला गेलो.
दुसरा घास तोंडात असताना लाइट आली. शेडमधून मशीनचा आवाज आला. तो ऐकून किती बरे वाटले ते इथे लिहून ठेवतो, कारण नंतर वाटले नाही.
लाइट नसताना लॅपटॉपने पूर्ण डोके कोरून टाकले होते. हवेत. मशीन जिथे थांबले तिथेच होते, पण लॅपटॉपच्या मते ते डोके संपवून पाठीवर पोचले होते. लाइट आल्यावर त्याने पुढचे काम सांगितले: अंडे. मशीनने अंडे कोरले. ते शेपटीखाली आले.
डोके नाही. मान खांद्यापाशी संपते. खाली अंडे.
पडद्यावर मात्र पक्षी शंभर टक्के पूर्ण आहे. हे मी सगळ्यांना दाखवले. चूक कॉम्प्युटरची नाही, सॉफ्टवेअरची नाही, माझीही नाही. चूक वीज कंपनीची.

शनिवार, २८ मार्च.
पाटी नेऊन दिली. दुफिए मावशीने ती बराच वेळ बघितली. लांब धरून बघितली, जवळ धरून बघितली. रंगवणारा आता मिळणे शक्य नव्हते, दहाला आशीर्वाद द्यायला पाद्री यायचे होते आणि भिंतीत खिळा रिकामा होता. मावशीने पाटी टांगली. स्वतःच्या हाताने.
पहिलेच गिऱ्हाईक ट्रोट्रो गाडीचा ड्रायव्हर. कोंबडीच्या सूपची वाटी हातात घेऊन त्याने वर बघितले. म्हणाला, "मावशी, तुझी कोंबडी ताजी दिसते. अंडं घालता घालताच कापलीस." बाक भरून लोक हसले. दुपारी भांडी रिकामी झाली. संध्याकाळी गाडीत पैसे गोळा करणारा त्याचा मेट 'मुंडकं नाही, मुंडकं नाही' असे ओरडून तिथे उतरणाऱ्यांना उठवत होता.
लोकांना नवीन कला समजायला वेळ लागतो. त्यांनी सुरुवात केली आहे.
तडक मामांकडे गेलो. म्हणालो, टांगली. कुणी? मावशीने. स्वतःहून? खिळाही तिचाच. मामा हसायला लागले ते अर्धवट कोरलेल्या स्टुलावर बसूनच थांबले. मग डोळे पुसले आणि म्हणाले, शब्द म्हणजे शब्द.

शनिवार, ११ एप्रिल. दुपारी ३.
मामा दोन बाटल्या घेऊन गेले. मी घरी. नियमच आहे, मुलाने जायचे नसते. नखे कापली. लॅपटॉप पुसला. पुन्हा पुसला.
मामा परत आले ते एक बाटली घेऊन. बाटल्या ठेवून घेतल्या तर होकार, परत केल्या तर नकार, हे मला लहानपणापासून माहीत आहे. एक ठेवली आणि एक परत केली, असे कुणी ऐकले आहे? मामांनीही ऐकले नव्हते. मावशीचा निरोप होता: "पाहुणे, मुलगा वाईट नाही. पक्ष्याला डोकं आलं की दुसरी बाटली घेऊन या."
म्हणजे अर्धा होकार आहे. अर्धे काम झाले.

रविवार, १२ एप्रिल. दुपारी ४ वाजून २० मिनिटे.
सॉफ्टवेअरचे तीस दिवस बुधवारीच संपले हे आज कळले. पक्षी पडद्यावर दिसतो, पण हात लावू देत नाही.
चर्चवरून येताना बिरागो थांबली. तिने सगळे ठरवूनच आणले होते. मामांची छिन्नी आहे, ओड्मचा तुकडा आहे, एका दुपारचे काम आहे, डोके हाताने कोर आणि सरसाने चिकटव. मी समजावले की मशीनच्या धडावर हाताचे डोके म्हणजे आजवरच्या सगळ्या कष्टांशी बेइमानी. ती म्हणाली, "मला पक्षी बघायचा नाही, अम्पेम. मला ती दुसरी बाटली आत आलेली बघायची आहे." आणि जाताना म्हणाली, मी काही त्या बाटलीची राखण करत बसणार नाही.
मी डगमगलो नाही. सुलेला फोन केला. तो डेस्कटॉप अजून आहे. करड्या पडद्याचे सॉफ्टवेअर तो फुकट घालून देतो म्हणाला, पण आधी मागची बाकी.
मामांनी छिन्नी माझ्या टेबलावर आणून ठेवली होती. टेबलाचा एक पाय कधीचा डुगडुगत होता. छिन्नी त्याखाली सरकवली. आता हलत नाही.
खर्च: मशीन ९४०, लॅपटॉपपैकी दिलेले ७५०, लाकूड ६०. एकूण १,७५० सेडी.
मिळकत: पाटीबद्दल एक वाटी सूप.
देणे: सुले ४००. सेरवा १२०. मामा, बाटल्यांचे, ९०. दुफिए मावशी, एक डोके.