रेखाचा लिंटर आणि माझी फाईल

८ सप्टें., सोम.
ऑफिसात नवी भानगड. माझ्या हाताखालच्या रेखाने लिंटर बसवला. कोडमध्ये जागा कुठे सोडली, नावं कशी दिली, हे तपासणारा प्रोग्राम. पटलं नाही तर कोड पुढे जाऊच देत नाही. मिरचीच्या गाड्यांना रांगेचा नंबर देणाऱ्या माझ्या फाईलवर दोनशे चौदा तक्रारी! बारा वर्षं 'बरोबर'च्या (=) खुणा एकाखाली एक लावतोय, तीच चूक म्हणे.
"आते हाई मशीन माले शिकाडी का?" म्हणालो. पोरगी नुसती हसली.
मालक पारसभाऊ मला म्हणाले, "पंधरा दिन देखू. मंग तू म्हनशी तसं." म्हणजे ठेवायचा की काढायचा, माझ्या शब्दावर. काढणार.

१० सप्टें., बुध.
रेखाने आधी स्वतःचा जुना कोड लिंटरकडून तपासून घेतला. सगळा. जेवणाचा डबा तसाच. कुणाला बोलून दाखवलं नाही. माझ्याच्याने झालं नसतं.

१२, शुक्र.
चहाच्या वेळी रेखाला विचारलं, एवढा जीव का त्यात? ती धडगावच्या वरची, घरी पावरी बोलते. म्हणाली, "सर, शाळेत माझ्या मराठीला पोरं हसायची. इथे तुम्ही माझ्या कोडवर लिहायचात, 'असं लिहीत नाहीत'. का नाही, ते कधीच नाही. लिंटर कारण सांगतो. आणि तुम्हालाही तेच सांगतो."
खरंच लिहायचो तसं. लाज वाटली.

१५, सोम.
तरी केलंच. फाईलच्या डोक्यावर एक ओळ टाकली: ही तपासू नको. लिंटर गप्प. खुणा जागेवर. बरं वाटलं. आणि नाहीही.

१८, गुरु.
मिरचीच्या मार्केट यार्डात माझ्या फाईलची चाचणी. पुरता बोजवारा. ओल्या मिरचीच्या गाड्या वाळलेलीच्या रांगेत. विसरवाडीकडचा ट्रॅक्टरवाला तासभर उन्हात. "भाऊ, मिरची सडी जाई ना! आजून कितला येळ?" मी तोंड लपवत होतो. रेखा फाटकावर उभी राहून हाताने नंबर लिहून देत होती, आवाज न चढवता. काय धीर त्या पोरीला!
परत आल्यावर तिने माझी ती ओळ काढून लिंटर चालवला. त्या दोनशे चौदांत एक खरी होती: 'ओ' हे नाव दिलं, पुढे कुठेच वापरलं नाही. ओली की वाळलेली, हे माझा कोड विचारून घेतो आणि विसरून जातो. मी सगळ्याच तक्रारी एका फटक्यात गप्प केलेल्या.
"मन्हीच चूक शे," म्हणालो.
"मीपण बघायला हवं होतं, सर."
तिची काडीची चूक नव्हती.

२२, सोम.
पंधरा दिवस झाले. सकाळी फाईल पुन्हा लिहिली. खुणांच्या रांगा मोडल्या. मग ती रेखाकडे तपासायला पाठवली. आजवर माझा कोड कुणी तपासलेला नाही, मीच सगळ्यांचा तपासतो.
पारसभाऊ आले. "काय ठरनं मंग? ठेवानं का काढानं?"
"माले नका इचारू. ती मन्ही फाईल देखी ऱ्हायनी. आते ती म्हनी तसं."
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.
दोन तास झाले, ती अजून वाचतेय. मी उगाच तीनदा पाणी पिऊन आलो.