ओक ट्री रोडवरचे थांबे

वेस्ट विंडसर,
५ मार्च २०२६

चि. उल्हास,

अनेक आशीर्वाद. दिवाळीपासून तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून या वयात तिकीट चिकटवून पत्र पाठवतोय. इकडे अजून थंडी आहे. रत्नाने तरीही मेथी पेरायला कुंड्या बाहेर काढल्या आहेत.

तू का रागावलास ते मला ठाऊक आहे. दिवाळीला तुम्ही इकडे आलात तेव्हा आपण एडिसनला ओक ट्री रोडवर मिठाई घ्यायला गेलो होतो. तू दर शंभर पावलांवर वाकून बुटाची लेस बांधत होतास. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "टेक्सासमध्ये ड्राइव्ह करून करून पाय गंजले रे तुझे." तुझी बायको असून पद्मिनीसुद्धा हसली. त्या रात्री तू धड जेवला नाहीस.

खरं म्हणजे त्या दिवशी मीही थांबत होतो, दुकानांच्या काचांपाशी. रत्नाने विचारलं, "अहो, साड्या कधीपासून बघायला लागलात?" चालताना पोटरीत गोळा यायचा आणि दोन मिनिटं उभं राहिलं की जायचा. वय झालं म्हणून दोन वर्षं मी ते अंगावर काढलं.

जानेवारीत डॉक्टरीणबाईंनी दंडाबरोबर घोट्यालाही ब्लड प्रेशरचा पट्टा बांधला. घोट्याचं फारच कमी निघालं. पायाच्या रक्तवाहिन्या आतून चोंदल्या आहेत म्हणाल्या, आणि मला हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. छातीत कधी दुखलं नाही, असं मी सांगून पाहिलं. त्यावर त्या म्हणाल्या, ज्या रोगाने पायाच्या वाहिन्या चोंदतात, त्यानेच बहुतेक वेळा हृदयाच्याही चोंदतात. पायांनी आधी कळवलं एवढंच.

हृदयाच्या वाहिन्यांत तीन ठिकाणी ब्लॉक निघाले. सतरा तारखेला बायपास आहे. तू घाबरू नकोस, मी दोघांपुरता घाबरलोय.

कॉलेजच्या मागे पहिली सिगारेट तुझ्या हातात मीच दिली होती. पुढे तीस वर्षं दोघांनी ओढली. तेव्हा तुला शहाणपण शिकवायला मला तोंड नाही, तरी सांगतो: घोट्याचं प्रेशर मोजून घे. याच आठवड्यात. पद्मिनीला मी काही बोललेलो नाही, ते तूच सांग.

आणि एक. तुझ्या बुटांना लेस नव्हतीच, वेल्क्रो होतं. ते मला तेव्हाच दिसलं होतं. तुला विचारलं असतं, तर माझ्या पोटरीचंही बोलावं लागलं असतं. म्हणून थट्टा केली. त्याची मला लाज वाटते.

ऑपरेशनला इथे येऊ नकोस. तपासून घे आणि सोळा तारखेपर्यंत फोन करून काय निघालं ते सांग. मला आत नेण्याआधी तेवढं कळू दे. अबोला काय, नंतरही धरता येईल.

तुझ्याबरोबर थांबत थांबत चाललेला,
मनोहरदादा