गाठीचं माहेर

३ मार्च

हलगर्जीपणाचा कळस! मानेतली गाठ माझी, सुई मला टोचली, आणि अहवाल म्हणतो — गुणसूत्रं पाहता पेशी बाईच्या! नमुने बदलले, दुसरं काय? लॅबच्या दारातच भाषण ठोकलं. "आज माझी गाठ बदलली, उद्या तुमचं डोकं बदलतील!" रांगेतून टाळ्या. एकाने तर सलाइनची बाटली उंचावून घोषणा दिली.

४ मार्च

घसा बसला.

९ मार्च

पुन्हा सुई. पुन्हा बाईच! लिम्फोमा म्हणे, लसीकाग्रंथींचा कर्करोग, तोही आडदांड जातीचा.

लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी डबा खाता खाता विचारलं, "कधी कोणाची अस्थिमज्जा घेतली होतीत?"

घेतली होती. मागे रक्ताचा कर्करोग झाला तेव्हा, ताईची. इथे सांगितलं नव्हतं. मज्जेचं सांगायचं म्हणजे ताईचं सांगणं आलं!

"मग तुमचं रक्त तिथूनच बनतं. गाठही त्यांच्याच पेशींची. बोलवा त्यांना, तपासायला हवं."

बोलवा म्हणे! तेव्हा बरा झाल्यावर पहिल्याच सभेत मी गरजलो होतो — रक्ताची नाती हे थोतांड आहे! ताई पहिल्या रांगेत बसली होती. उठून गेली ती गेलीच.

१० मार्च

फोन उचलला. ठेवला. हजारोंसमोर बोलणारा मी!

११ मार्च

"ताई, तुला तपासून घ्यावं लागेल."

"कोण बोलतंय?"

"मी."

"मी कोण?" — आवाज ओळखूनही! बहीण कसली, वकील!

सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काखेत गाठ आहे रे. दुखत नाही, म्हणून कोणाला बोलले नाही."

२० मार्च

तिलाही लिम्फोमाच. पण निराळा, संथ. मी लगेच मुद्दा मांडला — जात वेगळी, चाल वेगळी, संबंध काय? डॉक्टरीणबाईंनी दोघांच्या गाठींतल्या पेशींची चित्रं शेजारी ठेवली. चौदाव्या आणि अठराव्या गुणसूत्रांनी तुकड्यांची अदलाबदल केलीय. दोघांतही, नेमक्या त्याच जागी तुटून! ताईच्या मज्जेतली एकच जुनी पेशी, तिची ही दोन घराणी.

"यांच्याकडे शांत राहिली. तुमच्याकडे येऊन भडकली."

"या भोंग्याकडे जाऊन दुसरं काय होणार!" ताई म्हणाली. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा हसली. माझ्यावर का होईना!

१४ सप्टेंबर

माझी गाठ औषधांनी विरली. ताईची भडकली. दुसऱ्याची मज्जा लागणार. मी बाह्या सरसावून पुढे — "माझी घ्या!"

डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "तुमची कुठली? ती यांचीच आहे."