खेळपट्टीबद्दलचे खरे आणि इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, शहराच्या क्रिकेट मैदानाचा निवृत्त मुख्य माळी. नजर अधू झाली असली तरी डोके ठिकाणावर आहे, तसे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. कोणाच्याही दडपणाशिवाय (पत्नी शेजारच्या खोलीत आहे, पण मधले दार लावले आहे) माझ्या पश्चात काय व्हावे ते येथे नोंदवतो. याआधी मृत्युपत्र केलेले नाही, कारण मरायचा विचार नव्हता.

कलम १. मैदानामागच्या गल्लीतल्या, माझ्या वाट्याच्या दोन खोल्या पत्नीला, तिच्यानंतर मुलीला. पलीकडच्या दोन थोरल्या भावाच्या. मधे एकच भिंत आहे. हे घर वडिलांनी बांधले. ते या मैदानाचे पहिले माळी. त्याआधी तिथे वीटभट्टीचा खड्डा होता. चार वर्षे शहरभरचा राडारोडा ओतून तो बुजवला, वर माती आणि मातीवर हिरवळ. तेव्हा प्रेक्षक घरून खुर्च्या आणत आणि जाताना दुसऱ्याची बरी दिसेल ती नेत. मग लाकडी सज्जा आला, तो वाळवीने खाल्ला. मग सिमेंटचा आला, तो अजून उभा आहे. पुराच्या वर्षी अर्धे शहर अकरा दिवस त्या सज्जात राहिले. तेवढ्या गर्दीत खेळपट्टीवर एकाचेही पाऊल पडले नाही, कारण मधोमध वडील छत्री घेऊन बसले होते.

कलम २. माती चाळायच्या तीन चाळण्या, गवत कापायचे हातयंत्र आणि माझी पाऊसपाण्याची एकोणतीस वर्षांची वही आताच्या मुख्य माळीणबाईंना. त्यांनी वही वाचावी, माझे अक्षर लागले नाही तर पत्नीला विचारावे. मोठा रोलर शहराच्या क्रिकेट मंडळाचा आहे, तो मला देता येत नाही. तो डावीकडे ओढतो, एवढी माहिती मात्र मी देऊन ठेवतो.

कलम ३. बँकेत असेल ते पत्नीचे. किती आहे ते तिला माझ्यापेक्षा नेमके ठाऊक आहे. घडीची शिडी मेव्हण्याला. ती गेली नऊ वर्षे त्याच्याकडेच आहे.

कलम ४. मंडळाच्या माजी चिटणिसांना काहीही नाही. का, ते सांगतो.

सव्वीस वर्षांपूर्वी आमच्या मैदानाला परदेशी पाहुण्यांविरुद्धचा पाच दिवसांचा सामना मिळाला. पहिलाच. चिटणीस आठवडाभर आधी येऊन म्हणाले, आपले फिरकीवाले भारी आहेत, खेळपट्टीचे पाणी तोडा. मला नाही म्हणता आले असते. पण मलाही जिंकायचे होते, आणि मी पाणी तोडले.

पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर एक चेंडू भेगेवरून उसळला आणि पाहुण्या फलंदाजाचा जबडा मोडला. दोन षटकांनी दुसऱ्याचा हात. पंच होता माझा थोरला भाऊ. तो खेळपट्टीवर गुडघे टेकून बसला, भेगेत बोट घातले, ते दुसऱ्या पेरापर्यंत आत गेले. त्याने जोडीदार पंचाशी बोलून सामना थांबवला. त्यानंतर आमच्याकडे मोठा सामना आजतागायत झालेला नाही.

चिटणिसांनी वर्तमानपत्रात सगळे खापर पंचावर फोडले. मला वार्ताहराने विचारले, तेव्हा मीही सांगितले, "खेळपट्टी ठीक होती." ते छापून आले. दुसऱ्या दिवशी लोकांनी भावाच्या खिडक्या फोडल्या. भिंतीपलीकडे तो काचा झाडत होता, ते मला ऐकू येत होते, आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो होतो. त्याने कोणाला माझे नाव सांगितले नाही. त्या दिवसापासून बोलणे मी बंद केले, त्याने नाही. त्याच्याकडे बघायची मला लाज वाटे.

कलम ५. माझ्या मृत्यूनंतर आठ दिवसांत मुलीने कलम ४ मधला मजकूर एक शब्दही न गाळता वर्तमानपत्रात छापून आणावा.

कलम ६. भावाला माझा रेडिओ द्यायचा होता. वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदाराला काही ठेवले तर ते त्याला मिळत नाही; एक काहीतरी निवडा. मी साक्ष निवडली. रेडिओ कोणीही पोहोचवला असता. सहीसाठी त्याला स्वतः यावे लागेल.

(टंकलेखनानंतर हाताने केलेली दुरुस्ती.)

भाऊ आला. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, असे वकीलबाईंनी सांगून पाहिले. तो म्हणाला, वाचल्याशिवाय मी कधी निर्णय दिलेला नाही. चष्मा लावून त्याने सगळे वाचले. कलम ४ दोनदा वाचले. पत्नीने मधले दार उघडले आणि उघडेच ठेवले. चष्मा काढून तो म्हणाला, "तू गेल्यावर छापणार? अरे, मी तुझ्याहून सहा वर्षांनी मोठा आहे."

मी म्हटले, "दादा, चुकलो."

"ते वाचलं मी," तो म्हणाला. "चपला घाल."

सबब कलम ५ रद्द. मजकूर आज आम्ही दोघे वर्तमानपत्राच्या कचेरीत नेऊन देत आहोत. बाकी कलमे कायम.

लिहून देणार: (सही) निवृत्त मुख्य माळी

साक्षीदार:
१. (सही) थोरला भाऊ, निवृत्त पंच
२. (सही) घरचे डॉक्टर

ठिकाण: मैदानामागची गल्ली, तळमजला
दिनांक: ११ मार्च, बुधवार, सकाळचे साडेदहा